पाचटाचा बांध आणि जहाजाचे तेल

ऊस तोडून नेल्यावर फडात मागे उरणाऱ्या पाचटाची बीड जिल्ह्याला नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील लाखो माणसे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात, आणि पुढील पाच-सहा महिने त्यांचे आयुष्य या पाचटातच जाते. कोणी ते फडातच पेटवून देतो, कोणी जमिनीत कुजवतो. मोलाची वस्तू म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. परंतु २०२० च्या ऑगस्ट महिन्यात हिंदी महासागरातील मॉरिशस या लहानशा बेटावर हेच पाचट हजारो लोकांच्या हातांतील हत्यार ठरले. किनाऱ्याकडे सरकणाऱ्या काळ्या तेलाला अडविण्यासाठी तेथील नागरिक उसाची वाळलेली पाने कापडाच्या लांब पिशव्यांत भरीत होते, त्या शिवून एकमेकींना जोडीत होते आणि रिकाम्या बाटल्यांच्या आधाराने त्यांचे तरंगते बांध समुद्रात सोडीत होते. बांधाने अधिक तेल शोषून घ्यावे म्हणून कित्येकांनी डोक्याचे केसही कापून दिले.

या बेटावरचा ऊस एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या मजुरांच्या श्रमांवर पोसला गेला. त्या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती आणि त्यांचे वंशज आजही तेथे आपली भाषा व आपला गणेशोत्सव जपून आहेत. मजुरांच्या नातवंडा-पतवंडांनी पाचटाचे बांध घालून परक्या जहाजाचे तेल अडवावे, ही घटना हृद्य खरीच. परंतु तिचे कौतुक करून थांबणे योग्य नव्हे. ज्यांनी ते जहाज हाकले नाही, ज्यांना त्याच्या भाड्यातील एक पैसाही मिळणार नव्हता, त्यांच्यावरच ते तेल उपसण्याची पाळी का आली, हा यातील खरा प्रश्न आहे. आणि समुद्रापासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या बीडच्या वाचकालाही त्या प्रश्नाचे उत्तर अगदीच अपरिचित वाटणार नाही.

बारा दिवसांचा हिशेब

'वाकाशिओ' हे सुमारे तीनशे मीटर लांबीचे मालवाहू जहाज २५ जुलै २०२० रोजी मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर चढले. मालकी जपानी कंपनीची, जहाज भाड्याने घेणारी कंपनी दुसरी जपानी, मागे फडकणारा ध्वज पनामाचा, कप्तान भारतीय, आणि प्रवास सिंगापूरकडून ब्राझीलकडे. जहाजात माल नव्हता. परंतु इंधनाच्या टाक्यांत सुमारे चार हजार टन तेल होते. खुल्या समुद्रातून सरळ निघून जाण्याऐवजी जहाज किनाऱ्याच्या इतके जवळ आले याचे कारण पुढील चौकशीत निष्पन्न झाले ते असे की, खलाशांच्या मोबाईल फोनना किनाऱ्यावरील यंत्रणेचा संपर्क मिळावा म्हणून मार्ग बदलण्यात आला होता. दोन लाख टन वाहून नेण्याची क्षमता असलेले जहाज एवढ्या क्षुल्लक कारणाने खडकावर जाते, ही गोष्ट अविश्वसनीय वाटली तरी खरी आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. जहाज खडकावर चढले २५ जुलैला आणि तेल मोठ्या प्रमाणावर बाहेर येऊ लागले ६ ऑगस्टला. मध्ये बारा दिवस गेले. ७ ऑगस्टला तेथील सरकारने पर्यावरणीय आणीबाणी जाहीर केली. १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. सुमारे एक हजार टन तेल समुद्रात गेले आणि उरलेले तीन हजार टन मोठ्या प्रयासाने उपसण्यात आले. भारताने विमानाने तीस टन साहित्य आणि तटरक्षक दलाचे दहा जणांचे पथक पाठविले ते १६ ऑगस्टला. एक हजार टन हा आकडा तेलवाहू जहाजांच्या इतिहासात किरकोळ आहे. १९६७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटलेल्या 'टॉरी कॅन्यन'मधून सांडलेले तेल याच्या शंभरपटींहून अधिक होते. परंतु वाकाशिओचे तेल सांडले ते प्रवाळ, खारफुटी आणि संरक्षित पाणथळ जागा यांच्या ऐन मध्यावर. तेल किती सांडले याइतकेच ते कोठे सांडले यालाही महत्त्व असते.

तेल एकदा किनाऱ्याला लागले की त्याची सफाई कशी दुर्घट होते, हे समजून घेतल्याशिवाय या बारा दिवसांची किंमत कळत नाही. जहाजांचे इंधन हे मोटारीच्या पेट्रोलसारखे पातळ नसते. ते डांबराच्या जातीचे, दाट व चिकट असते. लाटांनी ते घुसळले गेले की त्यात पाणी मिसळते आणि सांडलेल्या तेलाच्या कित्येक पट चिखल तयार होतो. खुल्या समुद्रात तरंगते अडसर टाकून ते गोळा करण्याचा प्रयत्न करता येतो. पण वारा आणि लाटा यांपुढे त्यातील फार थोडे हाती लागते. खडकावर बसलेला थर गरम पाण्याच्या झोताने धुतला तर तेलाबरोबर खडकावरचे जीवही मरतात. खारफुटीची झाडे चिखलातून वर आलेल्या मुळांनी श्वास घेतात. त्या मुळांवर तेलाचा लेप बसला म्हणजे झाड गुदमरते, आणि ते पुसण्यासाठी माणसे चिखलात उतरली तर त्यांच्या पायांखाली तेल आणखी खोल जाते. म्हणूनच जहाज अडकल्यापासून तेल गळेपर्यंतचा काळ हाच सफाईचा खरा काळ असतो. तो गमावल्यावर जे उरते त्याला सफाई म्हणण्यापेक्षा नुकसानीची निस्तरणी म्हणणेच अधिक योग्य.

मुंबईने काय पाहिले

ही कथा दूरच्या बेटाची म्हणून बाजूला ठेवता येण्यासारखी नाही. मुंबईच्या समुद्राने दोन पावसाळ्यांत याच कथेची चार प्रकरणे पाहिली. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रावर बाराशेहून अधिक कंटेनर आणि अडीच हजार टनांहून अधिक इंधन होते. जहाज एका कुशीवर कलले, शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि सुमारे आठशे टन तेल सांडले. काही कंटेनरांत कीटकनाशके होती. मुंबई आणि न्हावाशेवा ही दोन्ही बंदरे काही दिवस बंद पडली. कारण बंदराच्या मार्गात तरंगणारे कंटेनर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला धोकादायक होते. तेलाचे थर मुंबईपासून रायगडच्या किनाऱ्यापर्यंत खारफुटीला चिकटले. नारळी पौर्णिमा जवळ आली असता, म्हणजे पावसाळ्याची बंदी संपून होड्या पाण्यात लोटण्याच्या ऐन वेळी, मासळीच्या गिऱ्हाइकाच्या मनात विषाची शंका शिरली. मासा विषारी होता की नव्हता हा प्रयोगशाळेचा विषय; कोळिणीची टोपली न खपता परत आली, हे मात्र त्या संध्याकाळीच सिद्ध झाले.

पुढच्या वर्षी, २०११ च्या जूनमध्ये, मोडीत काढण्यासाठी अलंगकडे ओढून नेले जाणारे 'विस्डम' नावाचे जहाज दोर तुटून भरकटले आणि जुहूच्या वाळूत रुतले. ३१ जुलैला 'पवित' हे तेलवाहू जहाज त्याच किनाऱ्याला येऊन लागले. खलाशांनी ते महिनाभरापूर्वी ओमानजवळच्या समुद्रात सोडून दिले होते. माणूस नसलेले ते जहाज अरबी समुद्र ओलांडून मुंबईच्या दारात येईपर्यंत कोणाच्याच लक्षात आले नाही. २००८ च्या हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेच्या ज्या घोषणा झाल्या होत्या त्यांवरील हे बोलके भाष्य होते. आणि लगेच ४ ऑगस्टला 'रॅक कॅरिअर' हे जहाज मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर बुडाले. त्यात साठ हजार टनांहून अधिक दगडी कोळसा होता आणि टाक्यांत तीनशे टनांहून अधिक इंधन होते. कोळसा समुद्राच्या तळाशी गेला. तेल गळत राहिले.

गोव्यात तर याहून दीर्घ कसोटी झाली. जून २००० मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतलेले 'रिव्हर प्रिन्सेस' हे लोहखनिज वाहणारे जहाज सुमारे बारा वर्षे तेथेच गंजत पडले. त्या काळात सरकारे बदलली, निविदा निघाल्या, खटले झाले, आणि एक पिढी ते गंजलेले धूड पाहतच लहानाची मोठी झाली. जहाज रुतण्यास एक रात्र पुरते; ते काढण्यास एक तप लागले.

कागदांची साखळी

असे का होते? समुद्र अथांग आहे, वादळे अनावर आहेत, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. खरे कारण जहाजाच्या मालकीच्या रचनेत आहे. आजच्या एका मालवाहू जहाजाचा 'मालक' शोधू लागले तर पुढील साखळी हाती येते. ज्या कंपनीच्या नावे जहाजाची नोंद आहे तिच्यापाशी बहुधा ते एकच जहाज असते आणि ते बुडाले की कंपनीही बुडते. तिच्यामागे खरी धनको कंपनी असते. जहाज चालविण्याचे काम तिसऱ्या व्यवस्थापक कंपनीकडे, खलाशी पुरविण्याचे चौथीकडे, जहाज भाड्याने घेणारी पाचवी, माल सहाव्याचा आणि विमा सातव्याचा. जहाजावर ध्वज फडकतो तो पनामाचा किंवा लायबेरियाचा. कारण तेथे कर कमी, नियम सैल आणि नोंदणी सोपी. याला सोयीचा ध्वज म्हणतात. सोय कोणाची, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

समुद्र न पाहिलेल्या बीडच्या माणसाला ही साखळी ओळखीची वाटेल. साखर कारखाना ऊस गाळतो; ऊसतोडीचा करार मात्र मुकादमाशी असतो. मुकादम उचल देतो आणि कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, गोळा करतो. फडात कोणाचा पाय कोयत्याने तुटला, रात्री उसाची गाडी उलटून कोणी दगावले, एखाद्या कोपीला आग लागून लेकरू भाजले, तर कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी तर मधला माणूस. साखर कोणाच्या पोत्यात गेली याविषयी कोणाचाच वाद नसतो. वाद असतो तो जखम कोणाची याविषयी. नफा साखळीतून वर चढतो आणि जोखीम त्याच साखळीतून खाली उतरते. जहाजाच्या बाबतीत नेमके हेच घडते. फरक इतकाच की तेथे साखळीच्या तळाशी किनाऱ्यावरचा कोळी असतो आणि मधल्या कडीशी कप्तान. वाकाशिओच्या कप्तानाला मॉरिशसच्या न्यायालयाने २०२१ च्या डिसेंबरात वीस महिन्यांची कैद सुनावली. त्याचा दोष नव्हता असे नाही. पण अपघाताची किंमत कैदेच्या रूपाने मोजणारे कोण, आणि केवळ हिशेबाच्या वहीत मोजणारे कोण, हा भेद डोळ्यांआड करता येत नाही.

समुद्राला सातबारा नाही

या साखळीला कायद्याचाही आधार आहे. जहाजमालकाची जबाबदारी जहाजाच्या आकारमानानुसार ठरलेल्या एका रकमेपुरतीच मर्यादित ठेवावी, हे तत्त्व सागरी व्यापारात फार जुने आहे. त्यामागील युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. समुद्राची जोखीम अमर्याद. ती एकट्या मालकाच्या माथी मारली तर जहाजात कोणी भांडवल घालणार नाही, विमा मिळणार नाही, भाडे वाढेल, आणि अखेर ते सामान्य ग्राहकाच्याच खिशातून जाईल. भारताच्या परदेशी व्यापारातील मालाचा फार मोठा भाग समुद्रमार्गे येतो-जातो. मराठवाड्याच्या शेतात पडणारे पोटॅश आणि दुकानातील पामतेल जहाजांतूनच आलेले असते, आणि येथील कापसाच्या गाठी जहाजांतूनच जातात. तेव्हा स्वस्त वाहतुकीचा लाभ बीडलाही होतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की मर्यादेपलीकडचे नुकसान कोठेतरी विरून जाते. ते विरून जात नाही. मालकाने न भरलेला प्रत्येक रुपया कोळी, हॉटेलातील पोऱ्या, किनाऱ्यालगतचा भाजीवाला आणि सरकारी तिजोरी यांना भरावा लागतो. जबाबदारीला मर्यादा असते, नुकसानीला नसते. तेलवाहू जहाजांच्या बाबतीत टॉरी कॅन्यनच्या धक्क्यानंतर १९६९ आणि १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाले आणि मालकाची मर्यादा संपल्यावर पीडितांना भरपाई देणारा एक निधी तेल आयात करणाऱ्यांच्या वर्गणीतून उभा राहिला. मालवाहू जहाजाच्या स्वतःच्या इंधनासाठी मात्र स्वतंत्र करार व्हायला २००१ साल उजाडले, आणि त्याच्यामागे असा कोणताही निधी नाही. वाकाशिओ तेलवाहू नव्हते. म्हणून मॉरिशसला तो निधी उपलब्ध झाला नाही. तेच तेल, तोच किनारा, तीच माणसे. केवळ ते जहाजाचा 'माल' नसून 'इंधन' होते, एवढ्या भेदावर भरपाईचा दरवाजा बंद झाला.

भरपाई मागतानाही अडचण आहेच. शेतकऱ्याचे पीक बुडाले तर तलाठी पंचनामा करतो. त्यात कितीही विलंब आणि अन्याय झाला तरी सातबारा हा एक कागद त्याच्या बाजूने बोलतो. समुद्राला सातबारा नाही. न पकडल्या गेलेल्या माशाचा पंचनामा होत नाही. खारफुटी गेल्यामुळे पुढील चार वर्षांत जी कोळंबी जन्मालाच येणार नाही, तिची किंमत कोणत्या पावतीवर दाखवावयाची? टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या कोळिणीच्या मिळकतीची वही कोठे आहे? विमा कंपनी कागद मागते, आणि ज्यांचे नुकसान सर्वाधिक त्यांच्यापाशी कागद सर्वांत कमी असतात. २०२५ च्या मे महिन्यात केरळच्या किनाऱ्याजवळ 'एमएससी एल्सा-३' हे लायबेरियाच्या ध्वजाचे जहाज सहाशेहून अधिक कंटेनर घेऊन बुडाले तेव्हा प्लास्टिकचे पांढरे कण वाळूत मिसळून कोसच्या कोस पसरले, आणि स्वयंसेवक ते चाळण्यांनी वेचीत बसले. पीडित मच्छीमार कुटुंबांना राज्य सरकारने तातडीची मदत दिली ती एक हजार रुपये आणि सहा किलो तांदूळ. जहाजाच्या नावापुढे तीच आद्याक्षरे होती जी पंधरा वर्षांपूर्वी मुंबईच्या चित्रापुढे होती.

साखळी तुटू शकते

तथापि हे सर्व विधिलिखित आहे असे मानण्याचे कारण नाही. १९९९ च्या डिसेंबरात फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ 'एरिका' हे जुनाट तेलवाहू जहाज दोन तुकडे होऊन बुडाले. ध्वज माल्टाचा, मालक इटलीचा, आणि तेल 'टोटल' या बलाढ्य फ्रेंच कंपनीचे. जहाज आमचे नव्हे, आम्ही केवळ ते भाड्याने घेतले, हा कंपनीचा बचाव. तो खटला तेरा वर्षे चालला. २०१२ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने टोटललाही जबाबदार धरले. जहाजाची तपासणी आपण करतो असे म्हणणाऱ्याने ती निष्काळजीपणे केली, तर मालकीच्या कागदामागे लपता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. शिवाय निसर्गाची हानी ही कोणाच्या धंद्याच्या हानीहून वेगळी आणि स्वतंत्रपणे भरपाईस पात्र आहे, हेही त्या निकालाने मान्य केले.

भारतातही हा विचार पोहोचला आहे. रॅक कॅरिअरच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २३ ऑगस्ट २०१६ रोजी जहाजाशी संबंधित परदेशी कंपन्यांना शंभर कोटी रुपयांची आणि कोळशाचे मालक असलेल्या 'अदानी एंटरप्रायझेस'ला पाच कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई देण्याचा आदेश दिला. रकमेपेक्षा तत्त्व महत्त्वाचे. समुद्राच्या तळाशी पडलेला कोळसा ज्याचा होता त्यालाही हिशेब द्यावा लागेल, असे त्या आदेशाने सांगितले. हा खटला कोणा मंत्रालयाने नव्हे, तर एका जागरूक नागरिकाने लावून धरला होता, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. केरळने २०२५ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. २०१७ च्या सागरी दावे कायद्याचा आधार घेऊन त्या राज्याने ९,५३१ कोटी रुपयांचा दावा लावला आणि विझिंजम बंदरात उभे असलेले त्याच ताफ्यातील दुसरे जहाज न्यायालयाकरवी अडवून धरले. पुढे सप्टेंबरात उच्च न्यायालयाने सुमारे १,२२७ कोटी रुपयांचे तारण ठेवण्याची अट घातली. बुडालेले जहाज खटल्याला उत्तर देऊ शकत नाही. तरंगणारे देऊ शकते. या साध्या व्यवहारज्ञानात पुष्कळ शहाणपण आहे.

निकाल आणि वसुली यांत मात्र अंतर असते. २०२१ मध्ये कोलंबोजवळ जळालेल्या 'एक्स-प्रेस पर्ल' या जहाजाने श्रीलंकेच्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या कणांचा थर पसरविला. २०२५ च्या जुलैत तेथील सर्वोच्च न्यायालयाने शंभर कोटी डॉलरची भरपाई फर्माविली, आणि ती भरण्यास कंपनीने जाहीर नकार दिला. लहान राष्ट्राचे न्यायालय मोठ्या कंपनीला हुकूम देऊ शकते. तो बजावण्यासाठी तिची मालमत्ता आपल्या हद्दीत असावी लागते.

करावयाचे काय

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने १९५८ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा व्यापारी नौवहन कायदा मंजूर केला. बुडालेली जहाजे हटविण्याची जबाबदारी मालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर टाकणारा नैरोबी करार २००७ चा. त्याला पूरक अशा तरतुदी या कायद्यात आल्या आहेत. उशीर झाला, तरी त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण कायद्याचे पुस्तक किनाऱ्यावरचे तेल पुसत नाही. जहाज अडकल्याच्या पहिल्या काही तासांत काय होते यावर सर्व अवलंबून असते, आणि तेथे आजही ढिलाई आहे. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळच्या एन्नोर येथे दोन जहाजांची टक्कर झाली तेव्हा आरंभी नुकसान झाले नसल्याचे सांगण्यात आले. पुढे शेकडो माणसे बादल्यांनी तो काळा चिखल उपसताना साऱ्या देशाने पाहिली.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, जहाजावर कोणता माल आणि किती इंधन आहे याची संपूर्ण यादी अपघातानंतर त्याच दिवशी जाहीर झाली पाहिजे. वाळूत पडलेल्या डब्यात विष आहे की बिस्किटे, हे किनाऱ्यावरच्या मुलांना ठाऊक असण्याचा हक्क आहे. दुसरी, समुद्रात तटरक्षक दल, बंदरात बंदर प्रशासन आणि वाळूवर राज्य सरकार अशी जबाबदारीची जी वाटणी आहे, तिच्यामुळे भरतीच्या रेषेवर कोणाचाच अंमल राहत नाही. किनाऱ्याच्या प्रत्येक जिल्ह्यात प्रशिक्षित आणि साधनसज्ज पथक असावे आणि त्याचा तालीम-सराव दरवर्षी व्हावा. तिसरी, सफाईला उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला हातमोजे, मुखवटे आणि मजुरी मिळावी, आणि ती जहाजाच्या विम्यातून वसूल व्हावी. लोकांची सेवावृत्ती ही विमा कंपनीची बचत ठरू नये. चौथी, मासेमारीच्या रोजच्या मिळकतीची नोंद सहकारी संस्थांमार्फत आधीपासूनच ठेवली जावी, म्हणजे संकटाच्या दिवशी कोळ्याच्या हाती सातबाऱ्याच्या तोडीचा कागद असेल. आणि पाचवी, जबाबदारी जहाजाच्या कागदाला नव्हे तर नफ्याला चिकटली पाहिजे. भाड्याने घेणारा, माल पाठविणारा आणि पडद्यामागची धनको कंपनी यांपैकी ज्याच्या हुकुमावर जहाज हलते, त्याला भरपाईतून सुटका नसावी.

ही शेवटची मागणी केवळ समुद्राची नाही. बंदरात जे तत्त्व मान्य होईल ते उद्या फडातही मागता येईल. ज्याच्या पोत्यात साखर गेली त्याने फडातल्या जखमेचाही हिशेब द्यावा, हे म्हणणे आणि ज्याच्या खात्यात भाडे गेले त्याने किनाऱ्यावरच्या तेलाचाही हिशेब द्यावा, हे म्हणणे, या दोन गोष्टी नाहीत. म्हणून बीडच्या शिक्षकाने हा विषय भूगोलाच्या तासाला किनारपट्टीच्या धड्यापुरता ठेवू नये आणि विद्यार्थ्याने तो परीक्षेच्या प्रश्नापुरता पाहू नये. मध्यस्थांच्या साखळीआड जबाबदारी कशी नाहीशी होते, हे नागरिकशास्त्र या जिल्ह्याला पुस्तकाशिवाय समजते. ते बोलून दाखविण्याची मात्र गरज आहे.

मॉरिशसच्या लोकांनी विणलेले पाचटाचे बांध काही तेल अडवू शकले, सारे अडवू शकले नाहीत. २९ ऑगस्ट २०२० रोजी राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर हजारो माणसे काळे कपडे घालून उतरली आणि त्यांनी सरकारला जाब विचारला. पाचट भरणारे हात आणि जाब विचारणारी तोंडे एकाच लोकांची होती. किनारा वाचविण्यासाठी पहिल्या गोष्टीची गरज पुन्हा पडेल. ती वारंवार पडू नये, यासाठी मात्र दुसरीच उपयोगी आहे.